ऑटिझमच्या निदानापर्यंतची आमची साडेतीन वर्षे

१८ जुलै २०२३ रोजी, मंगळवारी दुपारी सव्वा वाजता, महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी आमच्या केसपेपरवर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असे लिहिले आणि खाली सही केली. त्या दिवशी आमचा मुलगा चार वर्षे अकरा महिन्यांचा होता. त्याच्यात काहीतरी वेगळे आहे हे मला पहिल्यांदा जाणवले तेव्हा तो दीड वर्षाचा होता. मधली ही साडेतीन वर्षे कुठे गेली, हे मी पुढे तारखांसह लिहीत आहे. माझ्या वहीत सगळ्या नोंदी आहेत आणि ज्यांच्या घरात आज तसेच दीड-दोन वर्षांचे मूल आहे त्यांना त्यांचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे. मुलाला मी इथे सोनू म्हणते.

आम्ही भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या चाळीत राहतो. दहा बाय पंधराची एक खोली, त्यात सोनूचे बाबा, मी, सासूबाई आणि सोनू. गाव कणकवलीजवळ. मी एका पतसंस्थेत लिपिकाचे काम करते. पगार तेरा हजार, आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. सोनूचे बाबा पवईच्या एका कुटुंबाची गाडी चालवतात आणि त्यांना अठरा हजार मिळतात. हे आकडे आधीच सांगते, कारण पुढे प्रत्येक वळणावर ते मध्ये येणार आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे सोनू अठरा महिन्यांचा असताना, मी त्याला दारात बसवून भरवत असे. समोरच्या पत्र्यावर कावळे येतात. ‘हा घास काऊचा, तो बघ काऊ’ म्हणून मी बोट दाखवले की शेजारची त्याच्याच वयाची मुलगी मान वळवून पत्र्याकडे बघायची, कावळा दिसला की माझ्याकडे बघून हसायची आणि घास घ्यायला विसरायची. सोनू बघत नसे. तो माझ्या बोटाकडेही बघत नसे, गटाराच्या झाकणाच्या जाळीतून वाहणारे पाणी पाहत राहायचा. मला ते खटकायचे, पण त्या खटकण्याला नाव नव्हते आणि ज्याला नाव नाही ते डॉक्टरांना काय म्हणून सांगायचे? त्याच सुमारास तो ‘पाणी’ आणि ‘आबा’ हे दोन शब्द बोलू लागला होता. मार्चअखेरीपर्यंत ते दोन्ही शब्द गेले. तेव्हा टाळेबंदी लागली होती. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान जी लस द्यायची असते ती घ्यायला आम्ही उशिरा, ऑगस्टमध्ये गेलो. तिथे परिचारिकांनी अंतर ठेवून, घाईघाईने सुई टोचली आणि पुढची तारीख सांगितली. मूल बोलते का, बोट दाखवते का, हे विचारायची ती वेळच नव्हती आणि त्याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही.

घरात जे दिसत होते त्याचा प्रत्येकाने आपापल्या परीने अर्थ लावला, आणि तो प्रत्येक अर्थ आमच्या जगण्यातूनच आलेला होता. सोनूचे बाबाही साडेतीन वर्षांपर्यंत बोलले नव्हते, मुलगे उशिराच बोलतात, असे सासूबाई सांगत. त्या वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावत आणि अमावास्येला दृष्ट काढत. त्याला डबा हवा असला की तो सासूबाईंचे मनगट धरून त्यांचा हात डब्यावर नेऊन ठेवी. त्यांना वाटे, नातवाचा किती जीव आहे आपल्यावर. हाक मारली की तो बघत नसे, पण त्याला हाका तरी किती तऱ्हेच्या होत्या! सोनू, बाबू, राजा, झिला. त्यातल्या कुठल्या हाकेला त्याने ओ द्यावी, असे मीच स्वतःला समजावत असे. टाळेबंदीत जन्मलेली आणि वाढलेली सगळीच मुले मागे पडली आहेत, असे तर रोज कोणी ना कोणी म्हणत होते.

सगळ्यांत मोठी दिशाभूल मात्र आमच्या आनंदाने केली. अडीच वर्षांचा असताना सोनू मोबाइलवर पाहून इंग्रजीत एक ते शंभर आकडे म्हणू लागला. पाणी हवे असले तरी तो ‘पाणी’ म्हणत नसे, पण एका जाहिरातीतले इंग्रजी वाक्य हुबेहूब त्याच आवाजात म्हणे. आम्ही दोघेही मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी न आल्यामुळे कुठे कुठे मागे राहिलो ते आम्हाला माहीत आहे. त्यामुळे आमच्या खोलीत एक मूल इंग्रजी बोलते आहे याचे आम्हाला एवढे अप्रूप वाटले की पाहुणे आले की आम्ही त्याला ते म्हणायला लावत असू. ऐकलेले वाक्य अर्थाशी संबंध नसताना जसेच्या तसे पुन्हा म्हणणे हे ऑटिझमच्या ओळखीच्या लक्षणांपैकी एक आहे, हे मला दोन वर्षांनी कळले.

डिसेंबर २०२१ मध्ये गावी जाऊन देवळात गाऱ्हाणे घातले. त्याबद्दल मला आजही काही वावगे वाटत नाही. तिथे आमच्या वाडीतल्या सगळ्यांनी सोनूसाठी हात जोडले, त्याला कोणी नावे ठेवली नाहीत, आणि त्या आठ दिवसांत मी अनेक महिन्यांनी शांत झोपले. नुकसान झाले ते एवढेच की गाऱ्हाणे घातल्यावर ‘आता वर्षभर वाट बघू’ असे ठरले.

जून २०२२ मध्ये घराजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत नाव घातले. प्रवेशाचे नऊ हजार रुपये भरले होते. अठराव्या दिवशी शिक्षिकेने बोलावून सांगितले की तो सांगितलेले ऐकत नाही, घंटा झाली की कान झाकून किंचाळतो, घरी शिस्त लावा. आई दिवसभर नोकरीला असते म्हणून असे होते, असेही त्या म्हणाल्या. हे वाक्य मी नंतर रुग्णालयात, लोकलमध्ये, नात्यात इतक्यांदा ऐकले की पुढे जेव्हा वाचले की गेल्या शतकात कित्येक वर्षे नामवंत तज्ज्ञसुद्धा ऑटिझमचे कारण आईच्या थंडपणात शोधत होते, तेव्हा मला नवल वाटले नाही, पण रडू आले. ती समजूत चुकीची होती. ऑटिझम जन्मापासूनच्या मेंदूच्या वाढीशी निगडित आहे. तो आईच्या नोकरीमुळे, लाडांमुळे किंवा मोबाइलमुळे होत नाही.

खरी ओळख पटली ती गाडीत, नोव्हेंबर २०२२ मध्ये. सोनूचे बाबा ज्यांची गाडी चालवतात त्यांचा मुलगा सोनूपेक्षा चार महिन्यांनी लहान. आठवड्यातून तीन दिवस त्याला अंधेरीला एका सेंटरमध्ये न्यायचे आणि पाऊण तास खाली गाडीत थांबायचे, हे काम ते वर्षभर करत होते. तो बोलण्याचा काहीतरी क्लास असावा असे त्यांना वाटे. मालकांच्या घरातले आपण विचारू नये आणि बाहेर बोलू नये, ही चालकाच्या नोकरीतली पहिली रीत असल्यामुळे त्यांनी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी मागच्या सीटवर त्या मुलाने खेळण्यातल्या सात गाड्या एका रेषेत लावल्या, एक गाडी वळणावर सरकली तसा तो किंचाळला, आणि मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून चाके फिरवून पाहू लागला. आमचा सोनू बाटल्यांच्या झाकणांचे नेमके हेच करतो. तेच किंचाळणे, तीच तिरकी नजर. आरशात ते पाहून त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मुलाच्या आईला विचारले, ‘मॅडम, विचारू नये पण विचारतो, बाळाला काय झालं आहे?’

त्या माउलीने अर्धा तास सगळे समजावून सांगितले. त्यांच्या मुलाची दीड वर्षाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी एक वीस प्रश्नांची यादी भरून घेतली होती. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ती वापरतात. त्यावरून पुढे पाठवले आणि २६ व्या महिन्यात निदान झाले. आमच्या घरापासून त्यांचे घर रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

त्यानंतर आम्ही थांबलो नाही. ३ डिसेंबर २०२२ रोजी जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. चारशे रुपये फी. ते म्हणाले, पाच वर्षांपर्यंत बघू, पण हवे तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. त्यांच्या पहिल्या वाक्याशी मी आज सहमत नाही, दुसरे मात्र अगदी योग्य होते. न बोलणाऱ्या मुलाला नीट ऐकू येते का, हे आधी पाहावेच लागते. वांद्रे पश्चिमेला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ही तपासणी होते. ‘बेरा’ नावाच्या या तपासणीसाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून त्याला रात्री उशिरापर्यंत जागवून सकाळी न्यायला सांगितले होते. जानेवारीत पहिल्यांदा गेलो तेव्हा सोनू भांडुपहून दादरपर्यंत लोकलमध्ये छान झोपला आणि संस्थेच्या दारात ताजातवाना जागा झाला. तो दिवस वाया गेला. दुसऱ्या वेळी, १४ फेब्रुवारीला, सासूबाई बरोबर आल्या आणि प्रवासभर त्याला ओल्या रुमालाने पुसत, उभे करत, जागे ठेवत राहिल्या. तपासणी झाली. ऐकणे उत्तम होते. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांनी मुलाला नेताना कोणीतरी दुसरे माणूस बरोबर घ्यावे आणि त्याचे पांघरूण नक्की न्यावे, कारण परक्या चादरीवर अशी मुले झोपत नाहीत.

आता बालविकासतज्ज्ञांकडे जायचे होते. एका खासगी केंद्रात फोन केला. पहिली भेट साडेतीन हजार, पूर्ण मूल्यमापन चौदा हजार आणि त्यानंतर थेरपीचे एका वेळचे नऊशे रुपये, आठवड्यातून किमान तीनदा. महिन्याला हे जवळजवळ अकरा हजार होतात. आमचे खोलीभाडे सात हजार आहे. काही सवलत आहे का, असे विचारले, तेव्हा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका आहे का, असे मला विचारण्यात आले. आमची शिधापत्रिका पांढरी आहे. वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या वर गेले की महाराष्ट्रात पांढरी शिधापत्रिका मिळते. पवईच्या त्या कुटुंबाची शिधापत्रिका असेल तर तीही पांढरीच असणार. एकाच रंगाच्या कागदावर सरकारदरबारी आमची आणि त्यांची ऐपत सारखी आहे, हे त्या फोननंतर मी बराच वेळ मनात घोळवत बसले.

१३ मार्च २०२३ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात पहिला केसपेपर काढला. दहा रुपये. खिडकीसमोरची रांग साडेसातपासून लागते. बालरोग विभागाने बालमार्गदर्शन विभागाकडे पाठवले, तो विभाग आठवड्यातून दोनच दिवस उघडा असतो आणि तो दिवस त्यातला नव्हता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मानसशास्त्रज्ञांची तारीख मिळाली ती सात आठवड्यांनंतरची. मधल्या काळात कान-नाक-घसा विभागाची चिठ्ठी, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागाची चिठ्ठी, रक्ताची तपासणी. डॉक्टर आणि कर्मचारी दमलेले असत, पण वाईट वागले असे म्हणवत नाही; एकेका डॉक्टरापुढे साठ-सत्तर मुले बसलेली मी स्वतः मोजली आहेत. त्रास होता तो तुकड्यातुकड्यांनी बोलावण्याचा. प्रत्येक चिठ्ठीसाठी वेगळा दिवस, आणि प्रत्येक दिवसाची माझी किंवा सोनूच्या बाबांची मजुरी. तिसऱ्या खेपेला एका अनुभवी आईने सांगितले की खिडकीवरच विचारून घ्यावे, कोणते दोन विभाग एकाच दिवशी उघडे असतात, आणि त्याप्रमाणे तारीख मागावी. मागितली की देतात. सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढून प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावाव्यात आणि मुलासाठी कान झाकतील अशी टोपी न्यावी, हेही तिनेच शिकवले.

त्या बाकावर दिसणाऱ्या मुलांमध्ये मुली फार थोड्या होत्या. गोवंडीहून येणाऱ्या एका बाईंची मुलगी नऊ वर्षांची होती. ‘कधी त्रास नाही दिला, एका जागी बसवली की बसून राहायची, सगळे म्हणायचे किती गुणी’ असे त्या सांगत होत्या. मुलगा असता तर इतके गप्प राहणे कोणाला तरी खटकले असते. मुलीच्या बाबतीत नऊ वर्षे सगळ्यांनी त्याचे कौतुक केले.

४ मे रोजी पहिली मुलाखत झाली. प्रश्न विचारणाऱ्या शिकाऊ ताई हिंदीत बोलत होत्या आणि समोरचा कागद इंग्रजीत होता. मूल खेळण्यांशी खेळते का? हो, तासन्‌तास खेळते, मी म्हणाले. नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देते का? कधी कधी देते. नजर देते का? आमच्याकडे मोठ्यांच्या नजरेला नजर देऊन बोलत नाहीत, असे सासूबाई मध्येच म्हणाल्या. मी एकही उत्तर खोटे दिले नाही, तरीही दहा मिनिटांत आमचा सोनू त्या कागदावर निम्म्याहून अधिक बरा झाला होता. खेळतो म्हणजे तो झाकणांची रांग लावतो, हे मला कोणी विचारले नाही आणि सांगायचे असते हे मला माहीत नव्हते.

२५ मेच्या दुसऱ्या बैठकीत ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ होत्या आणि त्या मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सासूबाईंना विचारले, ‘आजी, तुम्ही देवपूजा करता तेव्हा हा तुमचं बघून घंटी वाजवतो का, हात जोडतो का? भातुकलीतला खोटा चहा कधी तुम्हाला दिला आहे का? दिवाळीत फुलबाजी पेटली की ती बघतो, की ती बघून तुमच्याकडेही बघतो?’ मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, ‘काऊ दाखवल्यावर काऊकडे बघायचा का?’

मला बोलता येईना. तीन वर्षे जे मनात होते ते कोणीतरी मराठीत विचारले होते. आपण दाखवलेल्या गोष्टीकडे मुलाने पाहणे, ती पाहून आपल्याशी नजर मिळवणे, आनंद वाटून घेणे, हेच तपासायचे असते आणि त्याची परीक्षा आपल्या प्रत्येक घरात घास भरवताना रोज होत असते. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणे ही शिकवलेली रीत आहे. फुलबाजीच्या उजेडात आजीकडे पाहणे कोणी शिकवत नाही, ते आपसूक होते. सोनूमध्ये ते होत नव्हते. त्या दिवशी सर्वाधिक माहिती सासूबाईंनी दिली. मनगट धरून डब्यावर हात ठेवण्याची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी ती शब्दशः लिहून घेतली. घरातल्या जुन्या माणसांमुळे निदानाला उशीर होतो, असे मी तोवर मनात धरून बसले होते. ते चुकीचे होते. त्यांनी सगळे पाहिलेले असते, त्यांना त्यांच्या भाषेत विचारावे लागते.

रुग्णालयाच्या बाकावर वाट पाहण्याचे तास मोठे असतात. त्या तासांत मी वाचू लागले. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ज्या अकरा मुलांवरून ऑटिझमचे पहिले वर्णन लिहिले, ती बहुतेक सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांतली होती. त्यावरून कित्येक वर्षे असा समज राहिला की हा हुशार आणि श्रीमंत घरांतला आजार आहे. १९८० मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी दाखवले की एका वस्तीतली सगळी मुले तपासली तर असा भेद उरत नाही. दवाखान्यापर्यंत कोण पोहोचतो, त्यावरून तो भेद दिसत होता. २००२ मध्ये फिलाडेल्फियातील अभ्यासात गरिबांसाठीच्या एकाच सरकारी विम्याखालील मुले पाहिली, तेव्हा गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी तर कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी झाल्याचे आढळले. म्हणजे पैशाची अडचण सगळ्यांची सारखीच असली तरी कोणाच्या सांगण्याचा काय अर्थ लावला जातो, यात फरक राहतोच. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतील सरकारी पाहणीत पहिल्यांदाच असे दिसले की आठ वर्षांच्या मुलांमध्ये ऑटिझमची नोंद झालेल्यांचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमध्ये अधिक आहे. तिथे तपासणी पूर्वी न पोहोचलेल्या घरांपर्यंत पोहोचू लागली होती. हे वाचताना मला सतत आमची चाळ आणि पवईच्या त्या कुटुंबाचा बारावा मजला दिसत होता.

जूनमध्ये आणखी दोन बैठका झाल्या. भारतात यासाठी ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. त्यात चाळीस प्रश्न असतात, ४० ते २०० यांमध्ये गुण येतात. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्याच्या वर तीव्र असे धरतात. सोनूचे गुण ११२ आले. १८ जुलैला डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मला आधी हलके वाटले आणि मग पायातले बळ गेले. मी एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे मतिमंद का?’ आमच्याकडे शाळेत न बसणाऱ्या प्रत्येक मुलाला हा एकच शब्द आहे आणि त्याच भीतीने कितीतरी आईबाप केसपेपरच काढत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही मुलांमध्ये दोन्ही असतात, सोनूचे आत्ताच ठरवता येणार नाही. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, असेही त्यांनी सांगितले. तो शब्द मला अजून पुरता पटलेला नाही, कारण सोनू स्वतःत मग्न नसतो. त्याचे लक्ष जगाकडेच असते, फक्त ते जाळीतून वाहणाऱ्या पाण्याकडे असते.

वहीतल्या हिशेबाप्रमाणे डिसेंबर २०२२ ते जुलै २०२३ या काळात तपासण्या, केसपेपर आणि प्रवास मिळून ३,८६० रुपये लागले. सुट्ट्यांचे दोघांचे मिळून २७ दिवस गेले, त्यांचे कापले गेलेले पैसे १४,७०० रुपये. मोफत किंवा स्वस्त उपचार म्हणताना हा दुसरा आकडा कोणी धरत नाही.

त्यानंतर प्रमाणपत्र. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत तो आहे. ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, रुग्णालयाचे कागद. पहिला अर्ज परत आला, कारण जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आडनावाशिवाय होते आणि आधारवर आडनावासह होते. तो दाखला दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले. तुमच्या मुलाच्या जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे स्पेलिंग आजच जुळवून पाहा, ही माझी सगळ्यांना विनंती आहे. ऑक्टोबरमध्ये वैद्यकीय मंडळापुढे हजर झालो. अपंगत्व ७० टक्के लिहिले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये पिवळ्या पट्टीचे कार्ड टपालाने आले. प्रमाणपत्राला मुदत असते, ती संपण्याआधी पुन्हा तपासणी करावी लागते. हे कार्ड घेऊ नये, मुलावर शिक्का बसतो, असे नात्यातल्या दोघांनी सांगितले होते. त्यांचे दुःख मला कळते, पण चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि तो हक्क मागायला हाच कागद लागतो. याच कागदावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना मिळते. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपयांची आहे, थेरपीचा काही खर्चही तीत बसतो. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० आणि इतरांना ५०० रुपये लागतात. आम्ही पाचशे भरले.

थेरपी रुग्णालयातच सुरू झाली, पंधरा दिवसांतून एकदा. एवढ्याने भागत नाही हे तिथल्या ताईंनीच स्पष्ट सांगितले आणि त्या सोनूपेक्षा आम्हालाच अधिक शिकवू लागल्या. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांबाबत एक प्रयोग झाला होता, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकवले आणि त्याने मुलांच्या संवादात फरक पडला. खासगी केंद्राचे नऊशे रुपये ज्यांच्यापाशी नाहीत त्यांना हे कळले पाहिजे. घरी हा वर्ग सासूबाई घेतात. डबा लगेच हातात द्यायचा नाही, डोळ्यांच्या पातळीवर धरून थांबायचे, तो बघेपर्यंत थांबायचे. ज्या आजीने चार वर्षे मागण्याआधी दिले तिला हे थांबणे किती जड जाते, ते मी रोज पाहते. मार्च २०२४ पासून सोनू ‘दे’ म्हणतो. कधी म्हणतो, कधी नाही. जूनमध्ये महापालिकेच्या शाळेत नाव घातले आहे, तिथे आठवड्यातून काही तास विशेष शिक्षिका येतात.

मागच्या महिन्यात गावाहून सासूबाईंच्या भाचीचा फोन आला होता. तिचा मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि बोलत नाही. सोनूचो बापूस पण उशिरा बोललो होतो, होईल सगळे ठीक, असे काहीतरी आता ऐकू येईल म्हणून मी भाजी चिरता चिरता थांबले. सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारले, ‘झिलाक कावळो दाखयलंस तर बघता काय गो?’